श्वास घरचा, वास पाहुणा



मी नातेपुत्याहून बोलतेय. बचत गटांच्या समन्वयाचं काम करते, त्यामुळं तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या ओट्यावर बसून मी चहा प्यायलेय. हे बोलणं ऐकताना कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेंगा फोडत असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडं ठेवा.

आजचा विषय थोडा नवा आहे. योगासनं करताना वासाची तेलं वापरावीत का? दुकानात ज्याला ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणतात, त्या छोट्या बाटल्या. निलगिरी, गवती चहा, लव्हेंडर, पुदिना अशी नावं असतात. हल्ली मोबाईलवर योगाचा व्हिडिओ लावला की शेजारी अशी बाटली दिसतेच. गटांच्या बैठकांत मला गेल्या वर्षभरात हा प्रश्न पुष्कळ जणींनी विचारला. आणि दोन वेळा असं घडलं की मला स्वतःलाच त्याचं उत्तर नीट शोधावं लागलं. त्या दोन गोष्टी आज सांगते.

तसं पाहिलं तर सुवास आपल्याला नवा नाही. आषाढी वारीत माउलींची पालखी आपल्या गावी मुक्कामाला येते, तेव्हा बुक्क्याचा वास दोन दिवस गल्लीतून हलत नाही. वारकऱ्यांच्या सुजलेल्या पायांना कोमट तेल चोळताना आपल्यातल्या कितीतरी जणींचे हात लागलेत. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या कावडी जातात, त्याच महिन्यात देवाला दवणा वाहतात. दिवाळीच्या पहाटे उटणं असतं. म्हणजे तेल आणि सुवास आपल्या घरात आधीपासून आहेत. नवी आहे ती बाटली, आणि त्या बाटलीसोबत येणारं बोलणं.

आता पहिली गोष्ट. यात चूक माझी आहे.

आम्ही चौदा-पंधरा जणी पहाटे समाजमंदिरात योगासनं करतो. थंडीचे दिवस होते. सगळ्यांची नाकं चोंदलेली. मी मेडिकलमधून निलगिरीच्या तेलाची बाटली आणली. पातेल्यात कढत पाणी घेतलं आणि त्यात तेल ओतलं. थेंब मोजले नाहीत, चांगलं सळसळ ओतलं. गार वारं नको म्हणून खिडक्या लावल्या आणि सगळ्यांना म्हटलं, ‘आता दीर्घ श्वास घ्या.’

पाच मिनिटांत आमच्या एका आक्कांना खोकला सुरू झाला. त्यांना दमा आहे, हे मला माहीत होतं. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. आम्ही त्यांना धरून बाहेर पायरीवर आणलं, मुलगा घरून पंप घेऊन पळत आला. पंप घेतल्यावर बऱ्याच वेळानं श्वास जागेवर आला. मग दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दम्याच्या माणसाला उग्र वासानं उबळ येऊ शकते, आणि तुम्ही तर बंद खोलीत कोंडून दिलात.

संध्याकाळी मी आक्कांच्या घरी गेले. त्या हसल्या, पण बोलल्या ते अजून टोचतं. म्हणाल्या, “ताई, तू श्वास शिकवाया बोलावलंस, आन् माझा हाय तो बी काढून घेतलास.”

त्या दिवसापासून मी हा विषय वाचायला आणि विचारायला घेतला. जे कळलं ते सांगते.

ही वासाची तेलं म्हणजे आपलं शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल नव्हे. करडईचं तेल बी दाबून, घाण्यावर काढतात. वासाचं तेल बहुतेक वेळा वाफेनं काढतात. पानं, फुलं, साल किंवा मुळं मोठ्या भांड्यात भरायची, त्यातून वाफ सोडायची, ती वाफ थंड करायची. पाण्यावर जो पातळ तवंग जमतो, ते हे तेल. ते हवेत उडून जातं, म्हणूनच त्याचा वास दूरवर येतो. शंभर किलो ताज्या गवती चहातून साधारण अर्धा किलोच्या आतबाहेरच तेल निघतं. गुलाबाचं एक किलो तेल काढायला तीन ते पाच हजार किलो फुलं लागतात. आता तुम्हीच हिशोब करा, पन्नास रुपयांच्या बाटलीत गुलाबाचं खरं तेल कुठून येणार?

यातून दुसरी गोष्ट कळते. एका थेंबात मूठभर पाला आटलेला असतो. आपण चहात गवती चहाचं एक पातं टाकतो, सगळी पेंढी टाकत नाही. मग तेल मात्र पातेल्यात का ओतावं? मी नेमकं तेच केलं होतं.

बरं, या तेलानं होतं काय? आपल्या नाकाचा मेंदूशी फार जवळचा रस्ता आहे. वास पोचतो तिथंच जवळ आठवणीचं आणि भावनेचं ठाणं आहे. म्हणून बुक्क्याचा वास आला की डोळ्यांपुढं वारी उभी राहते, आणि आईच्या जुन्या लुगड्याचा वास आला की डोळे भरतात. आवडता, मंद वास असला की मन थोडं निवतं, हे खरं आहे. लव्हेंडरसारख्या वासानं काही लोकांना तेवढ्यापुरतं हलकं वाटल्याचं काही छोट्या अभ्यासांतही दिसलंय. पण मन निवणं वेगळं आणि रोग बरा होणं वेगळं. शुगर, बीपी, थायरॉईड, गुडघ्याची झीज हे वासानं बरं होत नाही. कुणी तसं सांगत असेल, तर तिथंच सावध व्हा.

‘अरोमाथेरपी’ हा शब्दही काही ऋषीमुनींचा नाही. फ्रान्समधल्या गातफोसे नावाच्या रसायनतज्ज्ञानं १९३७ साली पुस्तक लिहिलं, तिथून तो पसरला. आपल्याकडं योगाचा जुना ग्रंथ आहे ‘हठप्रदीपिका’. योगाभ्यासाची जागा कशी असावी, याचं त्यात वर्णन आहे. जागा लहान असावी, दार छोटं असावं, शेणानं नीट सारवलेली, स्वच्छ आणि किडामुंगीविना असावी. त्या वर्णनात बाटली कुठंच नाही. उलट प्राणायामाच्या श्रमानं आलेला घामच अंगाला चोळावा, असं तो ग्रंथ सांगतो. म्हणजे सारवलेली पडवी आणि आपला घाम एवढ्यावर काम भागतं. जिच्याकडं बाटली नाही, तिचा योग कुठंही उणा पडत नाही. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा.

आता काळजीचं बोलते. इथं जरा हातातलं काम थांबवून ऐका.

लहान लेकरांना सर्दी झाली की आपण काय करतो? कापराची वडी फडक्यात बांधून गळ्यात अडकवतो. नाकाजवळ निलगिरी लावतो. छातीला कापूर घातलेलं तेल चोळतो. आपल्या आजीनं केलं, म्हणून आपणही करतो. पण कापूर आणि निलगिरी या दोन्हींमुळं फिट येऊ शकते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी इतर रुग्णालयांना सोबत घेऊन मोठ्या माणसांवर चार वर्षं अभ्यास केला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. फिट येऊन आलेल्या ३५० रुग्णांपैकी ५५ जणांच्या फिटचा संबंध अशा तेलांच्या वापराशी असावा, असं त्यांना आढळलं. कुणी हुंगलं होतं, कुणी अंगाला चोळलं होतं, कुणी पोटात घेतलं होतं. तेलं होती कापूर आणि निलगिरीची. मोठ्या माणसाचं असं होतं, तर तान्ह्या लेकराचं काय होईल? कापूर पोटात गेला तर फार थोड्या प्रमाणातही लेकराच्या जिवावर बेततं. वड्या देव्हाऱ्यात खाली ठेवू नका. खडीसाखर समजून लेकरू तोंडात टाकतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, तुम्हालाही तो निरोप आला असेल. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब यांची पुरचुंडी हुंगा, ऑक्सिजन वाढेल. मलाही आला होता आणि मीही तो चार गटांवर पुढं पाठवला होता. त्या पुरचुंडीनं रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. नाकाला गार लागतं, म्हणून श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं, एवढंच. आणि ‘बरं वाटतंय’ म्हणून दवाखान्याला उशीर झाला, तर त्याची किंमत फार मोठी असते.

तर कुणी ही तेलं टाळायची, ते ऐका. फिट येणारी व्यक्ती, दमेकरी, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान लेकरं. यांच्यासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबसुद्धा नको. घरात असं कुणी असेल, तर त्या खोलीतही नको. पोटात तर कुणीच घ्यायचं नाही. पाण्यात टाकून नाही, मधातून नाही, जिभेवरही नाही. चुकून लेकराच्या पोटात गेलं, तर उलटी काढायला जाऊ नका. बाटली सोबत घ्या, १०८ ला फोन करा आणि लगेच दवाखाना गाठा.

अंगाला लावायचं असेल, तर नुसतं कधीही लावू नका. आपलं तिळाचं, खोबऱ्याचं किंवा करडईचं तेल घ्यायचं. चहाचा एक चमचा साधं तेल आणि त्यात वासाच्या तेलाचा एक थेंब. फार तर दोन. त्याहून जास्त नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस पाहायचं. खाज आली, लाल झालं, तर ते तेल आपल्यासाठी नाही. आग झाली तर आधी साध्या तेलानं पुसून काढा, मग साबणानं धुवा. कारण हे तेल पाण्यात विरघळत नाही. अंघोळीच्या बादलीत थेंब टाकले, तर तेही वरच तरंगतात आणि अंगाला जसेच्या तसे चिकटतात. आणि शेतावर जाणाऱ्या माझ्या बायांनो, लिंबाच्या सालीचं तेल अंगाला लावून उन्हात जाऊ नका. उन्हानं तिथं भाजल्यासारखे डाग पडतात. बाटली चुलीजवळ, समईजवळही नको. ही तेलं पेट घेतात.

आता योगासनं करताना नेमकं काय करायचं? आक्कांच्या प्रसंगानंतर आम्ही समाजमंदिरात जी रीत बसवली, ती सांगते.

पहिलं काम खिडक्या उघडायच्या. थंडी असली तर शाल घ्या, पण हवा खेळती ठेवा. मग सगळ्यांना विचारायचं, आज कुणाला वासाचा त्रास आहे का? एकीनं जरी हो म्हटलं, तर त्या दिवशी वास नाही.

आसनं करताना तळहाताला, तळपायाला तेल नको. सतरंजीवर पाय घसरतो आणि कंबर धरते.

प्राणायाम करताना तर वास अजिबातच नको. याचं कारण समजून घ्या. एरवी आपण श्वास वरवर घेतो. अनुलोम-विलोम, भस्त्रिका, कपालभाती करताना हवा जास्त आत-बाहेर होते. हवेत जे काही आहे, तेही त्या हिशोबानं जास्त आत जातं. धूर असेल तर धूर, उग्र तेल असेल तर तेल. म्हणूनच उदबत्ती, धूपसुद्धा आम्ही प्राणायामाच्या आधी विझवतो. माझी मोठी चूक हीच होती. जिथं हवा सगळ्यांत चोख हवी, तिथंच मी ती जड करून ठेवली.

शेवटी शवासन. पाठीवर पडून, डोळे मिटून, अंग सैल सोडायचं. इथं वास चालतो. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब टाकायचा आणि तो बोळा उशाला नाही, चार हात लांब कोपऱ्यात ठेवायचा. वास आला न आला असा असावा. शोधावा लागला तर उत्तम. आठ-दहा मिनिटं झाली की बोळा उचलून डबीत बंद.

घरी गेल्यावर गुडघे, पोटऱ्या दुखत असतील, तर मघाशी सांगितल्या प्रमाणातलं कोमट तेल हलक्या हातानं चोळा. यात निम्म्याहून जास्त आराम त्या चोळण्याचाच असतो, हे आपल्याला वारीतल्या पायांनी शिकवलंच आहे.

आता तर आम्ही बाटलीही क्वचितच काढतो. कुणी परड्यातल्या गवती चहाची पात चुरगळून आणते, कुणी तुळशीची मंजिरी, कुणी मोगऱ्याची चार फुलं. चैत्रात दवणा असतो. एका वाटीत ठेवायचं, झालं. वास मंद, पैसा शून्य.

आता दुसरी गोष्ट, पैशाची.

आमच्या एका गटात एक तरुण सून आहे. हुशार आणि कष्टाळू. नवऱ्याचं काम सुटलेलं. तिच्याकडं एक बाई पेटी घेऊन आली. पेटीत पाच-पाच मिलीच्या बारा बाटल्या आणि किंमत सहा हजार. ‘तुम्ही योगा घेताच, तिथंच विका. शुगर जाते, वजन उतरतं, मूल होत नसेल तर होतं. तुमच्या खाली तीन बाया जोडा, मग घरबसल्या पैसे येतील.’ पोरीनं गटाकडं अंतर्गत कर्जाचा अर्ज केला.

बैठकीत आम्ही हिशोब फळ्यावर मांडला. बारा बाटल्या, प्रत्येकी पाच मिली, म्हणजे साठ मिली. सहा हजार भागिले साठ, म्हणजे एका मिलीला शंभर रुपये. लिटरचे झाले एक लाख. गटात बारा जणी, प्रत्येकीची बचत महिन्याला शंभर. म्हणजे बारा जणींची मिळून पाच महिन्यांची बचत त्या एका पेटीत जाणार. एका मावशींनी विचारलं, “आन् घेणार कोन? आमीच ना?” सगळ्या गप्प झाल्या. विकणारीही आपणच, घेणारीही आपणच आणि पैसा मात्र गावाबाहेर.

मग कायद्याचं पाहिलं. औषध म्हणून काही बनवून विकायचं, तर त्याला १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. मधुमेहासारखा आजार बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. नुसती माणसं जोडून पैसा मिळवण्याच्या साखळीला थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनी मनाई केलीय. म्हणजे उद्या काही झालं तर पेटीवाली निघून जाईल आणि गावात तोंड दाखवायला आपली सूनच राहील. बाटलीवर ‘थेरप्युटिक ग्रेड’ असं लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. असा सरकारी शिक्का कुठलाही नाही, तो विकणाऱ्यांचा शब्द आहे. कुणी फसवलं असेल, तर ग्राहकांसाठी १९१५ हा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

आम्ही त्या पेटीसाठी कर्ज दिलं नाही. शेळ्यांसाठी दिलं. खरं सांगते, ती पोर माझ्याशी दोन महिने बोलली नाही. तिला वाटलं, ताईनं पुढं जाऊ दिलं नाही. तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. घरात चूल अडलेली असली की कुणीही दाखवलेला रस्ता खरा वाटतो. आता ती बोलते, पहाटे योगालाही येते, पण तो विषय निघाला की मान वळवते. समन्वयकाच्या वाट्याला हेही येतं.

तुम्हाला एखादी बाटली घ्यायचीच असेल तर घ्या, माझी ना नाही. मेडिकलमधून घ्या, छोटी घ्या. काच गडद रंगाची असावी. वर वनस्पतीचं नाव, बनवणाऱ्याचा पत्ता आणि तारीख असावी. कोऱ्या कागदावर एक थेंब टाका. निलगिरी, गवती चहा यांसारखं पातळ तेल उडून जातं. मागं भज्याच्या कागदासारखा डाग राहिला, तर त्यात साधं तेल मिसळलेलं असण्याचा संभव आहे. आणि एका घराला एक बाटली पुष्कळ झाली, बारा कशाला?

शेवटी एकच सांगते. आपल्या आक्का पुन्हा यायला लागल्यात. डॉक्टरांना विचारून, पंप कनवटीला लावून. दारापाशी बसतात, जिथं वारं असतं. परवा शवासनातून उठल्या आणि म्हणाल्या, “आज वाटीत काय ठिवलं व्हतं गं? लई ग्वाड वास आला.” आम्ही एकमेकींकडं पाहिलं. वाटी रिकामीच होती. रात्री पाऊस पडून गेला होता आणि उघड्या खिडकीतून ओल्या मातीचा वास येत होता.

मैत्रिणींनो, श्वास घरचा आहे, वास पाहुणा आहे. पाहुण्याला दारात मान द्या, पण घर त्याच्या नावावर करू नका. उद्या पहाटे उठा, खिडकी उघडा, पाठ ताठ करून बसा आणि दहा श्वास सावकाश घ्या. बाकी काही नसलं तरी चालेल.

पुढच्या बैठकीत भेटूच. राम कृष्ण हरी.